पूर्वाची वीज

पूर्वाचं काम विजा पाडायचं. आभाळातल्या नव्हे, पडद्यावरच्या. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेम बनवणारी एक छोटी कंपनी आहे. खालच्या दोन मजल्यांवर स्पर्धा परीक्षांचे क्लास, आणि वर ही पंधरा-सोळा पोरं. त्यांच्या गेममध्ये जे जे पेटतं, फुटतं, चमकतं, ते सगळं पूर्वाच्या हातचं. कुणी माणसं काढायचं, कुणी डोंगर काढायचं, पूर्वा उजेड काढायची.

येरवड्याहून ती रोज स्कूटरवर यायची. वडील सुखदेव एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. स्कूटर त्यांनीच शिकवली, तीसुद्धा लायसन्सच्या परीक्षेला बसवल्यासारखी शिट्ट्या मारून. आई कांताबाई अंगणवाडीत. पोरगी गेम बनवते आणि त्याचा पगार मिळतो, हे शेजारणींना पटवता पटवता कांताबाई दमल्या होत्या. शेवटी त्या ‘कॉम्प्युटरमधे आहे’ एवढंच सांगू लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पूर्वा घरी लॅपटॉप उघडून बसली होती. आजवर दुसऱ्यांसाठी गेम करून देणारी कंपनी पहिल्यांदाच स्वतःचा गेम काढत होती. नाव ‘कडा’. भर वादळात एक मुलगी गडाचा कडा चढते, वीज चमकली की तेवढ्यापुरत्या खोबणी दिसतात, त्या लक्षात ठेवून अंधारात पुढचा हात टाकायचा. सगळा खेळ विजेवर, म्हणजे पूर्वावर. ती तोच शेवटचा टप्पा पुन्हा पुन्हा चालवून बघत होती. लख्ख, अंधार, लख्ख, अंधार, लख्खलख्खलख्ख. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पडद्याच्या डाव्या कडेला काहीतरी लोंबतंय असं वाटलं, म्हणून तिने मान वळवली. मान वळतच राहिली.

त्यानंतर तिला आठवतं ते छत. आणि नाकाशी धरलेली चप्पल. पप्पांची, घराबाहेर घालायची.

“डोळे उघडले, अहो, उघडले डोळे!” कांताबाई ओरडत होत्या. तोंडात रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. अंग असं दुखत होतं, जसं कुणीतरी पोत्यात घालून बडवलंय. आपण खुर्चीवरून खाली कधी आलो, हे तिला कळेना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आई-वडील तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर तिने कधी बघितली नव्हती. दोघंही घाबरले होते. तिला घाबरले होते.

“काय झालं मला?”

मग सुखदेवांनी उठून आधी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि हळूच म्हणाले, “फिट आली होती बाळा.”

त्या दिवशी त्यांनी जेवताना एक गोष्ट सांगितली. डेपोत त्यांच्याबरोबर एक ड्रायव्हर होता, देवमाणूस, गाडीला कधी ओरखडा नाही. त्याला कॅन्टीनमध्ये चहा पिताना फिट आली. एकदाच. चारचौघांनी बघितली. दुसऱ्या दिवसापासून त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, गाड्या धुवायला लावलं. लोक त्याच्या हातचा डबाही खाईनात.

“आपण डॉक्टरला दाखवू,” सुखदेव म्हणाले, “पण बाहेर कुणाला बोलायचं नाही. ऑफिसात तर नाहीच नाही.” स्कूटरची किल्ली त्यांनी खुंटीवरून काढून शर्टाच्या खिशात टाकली. पूर्वाने ते बघितलं. भांडावंसं वाटलं, पण ती ताट उचलून मोरीकडे गेली.

मेंदूच्या डॉक्टर पूर्णिमा ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे बसायच्या. त्यामुळे पूर्वा आईबरोबर ओढणीने तोंड बांधून गेली. बाईंनी ते बघितलं. “ऊन फार आहे का बाहेर? नाही, पंखा लावते,” असं म्हणून त्या थांबल्या आणि पूर्वाने ओढणी सोडेपर्यंत काही विचारलं नाही.

मग तपासणी झाली. डोक्याला वायरी लावून आडवं केलं आणि चेहऱ्यासमोर एक दिवा आणला. “आता हा लुकलुकेल. आधी हळू, मग भरभर. मी इथेच आहे.” दिवा लुकलुकू लागला. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग वेग वाढला आणि पूर्वाने तो ओळखला. तो तिनेच बनवला होता. रोज दिवसभर ती हेच करत होती. तिला ओरडून सांगायचं होतं, बंद करा, आणि जीभ जड झाली. बाईंनी यंत्रातून सरकणाऱ्या कागदावरच्या रेघा बघून ताबडतोब दिवा विझवला.

“झगमगत्या उजेडाने येणारी फिट आहे ही,” त्या समोर बसून म्हणाल्या. “सगळ्याच फिट येणाऱ्यांना उजेडाचा त्रास होत नाही, थोड्यांनाच होतो. तुम्ही त्या थोड्यांतल्या. लहान वयात जास्त दिसतं, शाळेतल्या मुलांत वगैरे. बऱ्याच जणांना पहिली फिट येईपर्यंत पत्ताच नसतो. गोळ्या नियमित घ्यायच्या, झोप मोडायची नाही, मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. उजेड लपलपायला लागला तर एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतूनही कळतं. काम काय करता?”

पूर्वाने सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वा. म्हणजे आचाऱ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी.” मग तिचा चेहरा बघून आवाज बदलला. “काम सोडायला सांगत नाहीये मी. सांभाळून करता येईल. आणि चप्पल हुंगवली होती का घरच्यांनी?”

कांताबाईंनी मान खाली घातली.

“चपलेने काही होत नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना.”

बाहेर आल्यावर कांताबाई कितीतरी वेळ चपला घालता घालता रडत होत्या.

पूर्वा कामावर गेली, बसने. स्कूटर बिघडली आहे, असं तिने सांगितलं. पण त्या दिवसापासून पुणं तिला वेगळं दिसू लागलं. ज्या गोष्टींकडे तिने कधी ढुंकून बघितलं नव्हतं, त्या आता दबा धरून बसल्यासारख्या वाटायच्या. क्लासच्या जिन्यातली लुकलुकणारी ट्यूब. मेडिकलच्या दुकानावरची लाल पाटी. बस झाडांच्या रांगेवरून भरधाव निघाली की फांद्यांमधून ऊन चेहऱ्यावर सपसप आपटायचं, तेव्हा ती तळहाताने डोळा दाबून शेजारच्या बाईच्या पिशवीकडे बघत बसायची. “डोळं आलंय का गं?” बायका विचारायच्या आणि सरकून बसायच्या. तिला तेच बरं वाटायचं.

एप्रिलात जयंती आली. दरवर्षी चौदा तारखेला पांढरी साडी नेसून ती मिरवणुकीत पुढे असायची. यंदा मंडळाने फिरणारे दिवे आणले होते, रंगीत, भिंतींवरून धावणारे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ते पेटले आणि पूर्वाच्या खोलीच्या छतावर लाल-निळे पट्टे पळू लागले. तिने उशी तोंडावर घेतली. बाहेर सगळे ‘जय भीम’च्या घोषणा देत होते, ढोल छातीत वाजत होता, आणि आपल्याच माणसांच्या आनंदाला घाबरून ती अंधारात आईचा हात धरून पडली होती. चुलतभाऊ प्रज्ञेश बोलवायला आला, तर कांताबाईंनी दारातूनच सांगितलं, “डोकं दुखतंय तिचं.”

“दरवेळी डोकं कसं दुखतं गं काकू हिचं?” प्रज्ञेश म्हणाला आणि गेला. तेवढ्या वाक्याने पूर्वाला घाम फुटला. कळलं की काय याला?

ऑफिसात तिने एक चोरटा उपाय काढला होता. विजांचं काम ती एक डोळा झाकून, पडदा मंद करून, खुर्ची मागे ओढून करायची. आणि रोज एखादी वीज गुपचूप कमी करायची. तीन लखलखाटांचा एक करायचा. पांढऱ्याशुभ्रच्या जागी राखाडी. आमोदच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कंपनी आमोदची, गेमची कल्पनाही त्याची, आणि माणूस वाईट नव्हता. पण ‘कडा’पायी त्याची झोप उडाली होती.

“पूर्वा, क्लायमॅक्सला काय झालं? आधी अंगावर यायचा यार. आता काय, कुणीतरी जिन्यातला दिवा लावतंय-विझवतंय असं वाटतं.”

“जास्त झालं होतं असं वाटलं मला.”

“जास्तच पाहिजे. वादळ आहे ते. जुनं व्हर्जन परत टाक.”

तिने टाकलं. का टाकलं, हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारत होती. उत्तर सोपं होतं: भीती. ‘का’ म्हणून त्याने विचारलं असतं आणि ‘का’चं उत्तर एकच होतं. तिला गाड्या धुवायला लागलेला तो ड्रायव्हर दिसायचा.

मे महिन्यात एका कॉलेजच्या सभागृहात नव्या गेम्सचा मेळावा भरला. ‘कडा’चंही टेबल होतं, मोठा पडदा, समोर दोन खुर्च्या. सुट्टीचे दिवस, त्यामुळे शाळेच्या मुलांची ही गर्दी. पूर्वाला टेबलापाशी थांबून लोकांना खेळ समजावून सांगायचा होता. ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली आणि समोर मुलांचे चेहरे बघू लागली. सुरुवातीचे सोपे टप्पे चालू होते. सगळं ठीक होतं.

मग एक दहा-अकरा वर्षांची मुलगी खुर्चीवर बसली. दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. ती चांगलीच खेळत होती, इतकी की मागे घोळका जमला. ती शेवटच्या टप्प्याला पोचली आणि पुढे सरकून पडद्याला नाक लावून बसली. सभागृहातले दिवे मंद केलेले. पूर्वाला पडदा दिसत नव्हता, पण विजा त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होत्या. चेहरा पांढरा, काळा, पांढरा, काळा. मुलीने दोन-तीनदा पापण्या मिचकावल्या. बस, एवढंच.

‘पहिली फिट येईपर्यंत पत्ताच नसतो.’

हिला काही होणार नाही, हजारात एखाद्यालाच होतं, तिने मनाला समजावलं. पण ती स्वतःही एखादीच होती. मुलीने मान जरा डावीकडे वळवली, कदाचित आईला बघायला. पूर्वाने ते बघितलं आणि पुढचं तिला ठरवावं लागलं नाही. ती टेबलाखाली वाकली आणि प्लग उपटला.

पडदा काळा झाला. मुलं ओरडली. वेण्यांवाली मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “ताई, मी जिंकत होते!” तिला काहीही झालं नव्हतं. आमोद पाहुण्यांना सोडून धावत आला. पूर्वा टेबलाखाली प्लग मुठीत धरून बसली होती.

“वेड लागलं का तुला? काय करतेस?”

वैष्णवीही टेबलाखाली वाकली. वैष्णवी प्रोग्रामर, मुंढव्याची. घरची शेती होती तिथे आता टॉवर उभे राहिलेत, पण बोलणं घरचंच राहिलंय. तिने पूर्वाचा हात धरला आणि आमोदला म्हणाली, “थांब की जरा. पोरीचा हात बरफासारखा हाय.”

सभागृहामागच्या जिन्यात पूर्वाने दोघांना सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आता हे दोघं सरकून बसतील, याची ती वाट बघत होती. कुणी सरकलं नाही. आमोद पायरीवर मटकन बसला.

“तीन महिने?” तो म्हणाला. “तीन महिने तू तसंच काम करतेस? मी तुला ते परत टाकायला लावलं.”

“मीही टाकलंच की.”

“पण त्या मुलीला काही झालं नाही, हो ना?” त्याचा आवाज चिरका झाला होता. भीती आता त्याच्याकडेही आली होती. “नाही ना झालं?”

“नाही झालं. झालं असतं की नाही, तेही कधी कळणार नाही.”

‘कडा’ त्या दिवशी पुन्हा लागला नाही. सोमवारी वैष्णवीने एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. चित्रफीत आत टाकली की उजेड कुठे आणि किती वेगाने लपलपतो ते मोजून पट्टीवर लाल-हिरवं दाखवणारं यंत्रच जणू. सेकंदाला तीनच्या वर लखलखाट गेले, की धोका. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. शेवटचा टप्पा लाल झाला, ते अपेक्षितच होतं. पण त्याआधीच, अगदी सुरुवातीला, एक लाल रेघ आली.

“हे काय?” पूर्वाने विचारलं.

“आपला लोगो,” वैष्णवी म्हणाली.

गेम उघडला की कंपनीचं नाव ठिणग्या उडवत येतं, ते. पूर्वानेच केलेलं, तिचं पहिलं काम. दोन वर्षं रोज सकाळी ती ते बघत आली होती. ज्या विजेला घाबरायचं ती तिला ठाऊक होती. ही दारातच बसलेली, हिच्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. आणखी काय काय आपल्या हातून गेलं असेल?

संध्याकाळी घरी जाऊन तिने पप्पांना सांगितलं, की ऑफिसात सगळ्यांना कळलंय. सुखदेव पेपर खाली ठेवायला विसरले. “काढलं?”

“नाही.”

“मग दुसरं काम दिलं असेल.”

“तेच दिलंय. विजा सगळ्या नव्याने करायच्यात.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढचे कितीतरी दिवस ती घरी आली की ते आधी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र जागेवर आहे का ते बघायचे.

ऑफिसात एकदा तोंड फुटल्यावर बाकीचीही तोंडं फुटली. ध्वनी करणाऱ्या मुलाने सांगितलं, की त्याला लाल-हिरवं वेगळं ओळखू येत नाही. गेममधल्या पक्क्या आणि कच्च्या खोबणी त्याला एकाच रंगाच्या दिसायच्या, तो आवाजावरून अंदाजाने चढायचा. वैष्णवी म्हणाली, “आमच्या चुलत्यांचा अंगठा कडबा कुट्टीत गेलाय. दोन्ही हातांनी एकदम बटणं दाबायची म्हटलं, तर त्यांनी काय करायचं? कडा बघत बसायचा?” आमोद चिडचिडायचा, तारीख पुढे जाते म्हणून कपाळाला हात लावायचा, पण फळ्यावर लिहून घ्यायचा. खोबणींना रंगासोबत आकार आला. एका हाताने चढता येईल अशी सोय आली. सगळं नाही झालं. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना कडा कसा चढवायचा, हे कुणालाच सुचलं नाही आणि ते तसंच राहून गेलं.

भांडण झालं ते विजांवरून. आमोदचं म्हणणं, मंद विजांचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवू, ज्याला हवा तो चालू करेल.

“ज्याला माहितीच नाही की आपल्याला हवा आहे, तो कसा चालू करेल?” पूर्वाचा आवाज चढला. गोळ्यांनी आताशा तिला राग लवकर यायचा, हेही तिला ठाऊक होतं. “मी केला असता का जानेवारीत? मंद विजा आधीपासून चालू पाहिजेत. ज्याला लखलखाट हवाय त्याने जाऊन शोधावा.”

“अगं पण गेमची मजाच...”

“अंधारात खोबण दिसली पाहिजे, ही मजा आहे. ती मी हळू उजेडातही दाखवीन.”

तिने दाखवली. नवी वीज एकदम आदळत नव्हती. आधी ढगाची कड उजळायची, मग उजेड कड्यावरून खाली उतरायचा आणि सावकाश मावळायचा. खोबणी उलट जास्त वेळ आठवणीत राहायच्या. यंत्राने पहिल्यांदाच सगळी पट्टी हिरवी दाखवली.

त्या दुपारी टाळ्या वाजल्या. कुणीतरी उत्साहात म्हणालं, “आता पूर्वानेच खेळून बघावं! दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिला काही झालं नाही, म्हणजे पास!”

वाईट मनाने कुणीच बोललं नव्हतं. सगळे हसत तिच्याकडे बघत होते, खुर्चीही मोकळी केली होती. ‘नाही’ म्हटलं, तर आपल्याच कामावर आपला भरवसा नाही असं होईल. ‘हो’ म्हटलं, तर? तिला ते छत दिसलं.

“मी नाही बसणार,” ती म्हणाली. “मी मीटर नाहीये. मला फिट आली नाही, म्हणून दुसऱ्याला येणार नाही, असं होत नसतं. यंत्राने तपासा, डॉक्टरांना विचारा.” आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. आतून वादळाचा गडगडाट ऐकू येत होता, मग कुणाच्या तरी कड्यावरून पडण्याचा आवाज, मग शांतता. थोड्या वेळाने आमोद बाहेर आला. “सॉरी,” म्हणाला. “ते चुकीचं होतं.”

‘कडा’ पावसाळ्यानंतर बाहेर पडला. बरा चालला. कुणी लिहिलं, की वीज आहे की ट्यूबलाइट. कुणी लिहिलं, की फिट येणाऱ्या आमच्या भावाला घरच्यांनी पहिल्यांदाच आमच्यासोबत खेळू दिलं. पूर्वाने दोन्ही वाचलं. दोन्ही वाचताना तिसऱ्याच कुठल्या तरी बातमीची तिला धास्ती होती. ती बातमी आली नाही. पण आली नाही म्हणून धास्ती गेली, असंही झालं नाही.

मध्ये तिला एकदा फिट आली, झोप मोडली होती तेव्हा. सुखदेवांनी तिला कुशीवर वळवलं, कांताबाईंनी घड्याळ बघितलं. पूर्वा उठल्यावर त्या म्हणाल्या, “दीड मिनिट,” आणि मग रडल्या. प्रज्ञेशला घरच्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. तो पुढच्या वर्षी फिरते दिवे नकोत म्हणून मंडळात भांडला. हरला. निदान काकूच्या दारावरून तरी फिरवणार नाही, एवढं कबूल करून घेतलं.

आता कंपनीने नवा गेम घेतलाय, ज्वालामुखीचा. म्हणजे पुन्हा सगळं पूर्वावर. परवा तिने पहिला स्फोट तयार केला, फाइल वैष्णवीकडे दिली आणि नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली क्लासची पोरं वडापाव खात, हातात पुस्तकं धरून एकमेकांना प्रश्न विचारत होती. मागे पंख्याची घरघर. यंत्र मोजत होतं. पूर्वाचे हात नेहमीसारखेच गार पडले होते.

“हाय बघ एका जागी,” वैष्णवी म्हणाली. “दगड फुटतो तिथं.”

“किती?”

“थोडंच हाय. पण हाय.”

“दाखवू नकोस. नुसतं सांग कुठे ते,” पूर्वा म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.